खंबाटकीतला लाल दिवा

सांगलीहून मामांचा शनिवारी सकाळी फोन आला की विषय दोनच असतात: माझं लग्न किंवा त्यांचा ट्रक. यावेळी ट्रक निघाला, सुटलो!

"अरे, टेंपरेचरचा लाल दिवा मधनंच लागतोय. गॅरेजवाल्यानं सेन्सर बदलला, मग थर्मोस्टॅट काढूनच टाकला. तरी लागतोय. आता ड्रायव्हर तिकडं बघतच नाही."

शेवटचं वाक्य ऐकून धडकी भरली. आमच्या हापिसात असाच एक अलार्म होता. रोज उगाच वाजायचा म्हणून म्यूट केला, आणि ज्या दिवशी खरा वाजला... असो.

माझं मत सांगतो. पार्ट बदलत सुटणं म्हणजे निदान नव्हे. अधूनमधून येणारा बिघाड लहरी नसतो, त्याच्या अटी आपल्याला माहीत नसतात एवढंच. त्या ड्रायव्हरला माहीत असतात, पण त्याला विचारतंय कोण?

मामांना म्हटलं, चार ट्रिपा वही ठेवा. दिवा कुठं लागला, लोड किती, वेळ कोणती, आणि काटा हळूहळू चढला की टुणकन उडाला? रोज सकाळी थंड इंजिनात पाण्याची पातळी बघायची. काटा हळूहळू चढला तर गाडी बाजूला, इंजिन आयडलवर, आणि गरम रेडिएटरचं झाकण अजिबात उघडायचं नाही.

काट्याचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. इंजिनात कित्येक लिटर पाणी फिरत असतं, ते एका सेकंदात ८० वरून ११० अंशांवर जाऊच शकत नाही. टुणकन उडी म्हणजे वायरिंग. हळूहळू चढ म्हणजे इंजिन खरंच तापतंय.

वहीत नोंदी दोन प्रकारच्या निघाल्या. एक, कराड ते पेठ नाका, गचका बसला की काटा टुणकन वर. दोन, फक्त सांगलीकडे येताना, भरल्या गाडीला, भर दुपारी, खंबाटकीत. जाताना गाडी बोगद्यातून जायची, येताना जुना घाट चढावा लागायचा. खालचा गिअर, इंजिनाला पूर्ण ताण आणि समोरून वारा जवळजवळ नाही. रिकाम्या गाडीला किंवा रात्री काहीच होत नाही. म्हणून ते 'मधनंच'!

थोडक्यात, बिघाड एक नव्हता, दोन होते.

पहिला. या सेन्सरचा रोध तापल्यावर कमी होतो. कनेक्शन सैल असतं तर रोध वाढून काटा उलट थंड दाखवता. गरम दाखवतोय म्हणजे वायर सोलवटून लोखंडाला टेकतेय. ती ब्रॅकेटमागं सापडली. जुना सेन्सर बिचारा निर्दोष होता.

दुसरा. ऊस वाहून वाहून इंटरकूलर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत पाचटाचा थर बसला होता. समोरून सगळं स्वच्छ दिसायचं. इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला, बेतानं पाणी मारून साफ केलं.

आणि थर्मोस्टॅट परत बसवायला लावला. तो काढणं म्हणजे फेल होणारी टेस्ट कमेंट करून टाकणं. इंजिन सपाटीला गरजेपेक्षा थंड राहतं, डिझेल जास्त जातं, झीज वाढते. शिवाय बऱ्याच इंजिनांत गरम झाल्यावर बायपासची वाट तोच बंद करतो. तो नसला की काही पाणी रेडिएटरला न जाताच परत फिरतं, म्हणजे घाटात तापायला आणखी मदत!

गॅरेजवाल्यालाही मी फार दोष देत नाही. गाडी उभी राहिली तरी हप्ता थांबत नाही, गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं. अशा वेळी काहीतरी बदलल्याचं दाखवावंच लागतं. आपणही रिलीजच्या आदल्या रात्री हेच करतो की! पण वहीसाठी गाडी एक दिवसही उभी राहिली नाही, हेही खरं.

खोटं बोलणारा दिवा नसलेल्या दिव्यापेक्षा वाईट. दिवा नसता तर ड्रायव्हरनं निदान काट्यावर नजर तरी ठेवली असती. आता दिवा लागला की तो थांबतो, माझ्या दृष्टीनं खरी दुरुस्ती ही.

सोमवारी हापिसात म्यूट केलेल्या अलार्मची यादी काढणार आहे. बरीच लांब निघेल असं दिसतंय :-)