आधी मीटर लावा, मग बॅटरी बदला

गाडी सुरू होत नाही म्हटलं की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं: ‘बॅटरी गेली असेल.’ शेजारी म्हणतो, वॉचमन म्हणतो आणि गॅरेजमधून आलेला मुलगाही बोनेट उघडायच्या आत तेच म्हणतो. मग जुनी बॅटरी निघते, नवी बसते, गाडी सुरू होते, पाच-सहा हजारांचं बिल होतं. रोग तोच होता का, हे मात्र कुणालाच ठाऊक नसतं, कारण कुणी काही मोजलेलंच नसतं.

आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवण्यात माझी नोकरी गेली. निवृत्त झालो तरी सांगलीत आसपासच्या लोकांच्या गाड्या बघणं सुटलेलं नाही. न मोजता पार्ट बदलण्याची ही सवय मला मनापासून खुपते. त्यात ग्राहकाचा पैसा जातोच, शिवाय हातात चांगली कला असलेल्या पोरांचं नुसत्या पार्ट बदलणाऱ्यांत रूपांतर होतं.

शेजारच्या बिल्डिंगमध्ये एक सिस्टर राहतात. सकाळच्या ड्यूटीला निघताना त्यांची गाडी अडली. चावी फिरवली की सेल्फ जड फिरायचा, दमायचा आणि थांबायचा. फोन करून बोलावलेल्या माणसाने नवी बॅटरी बसवली, जुनी सोबत नेली. आठवडाभरात पुन्हा तेच. आता तो म्हणाला, सेल्फ उतरवावा लागेल. तेव्हा त्या माझ्याकडे आल्या, ‘सर, तुम्ही एकदा बघता का?’

मी त्यांना हेडलाइट लावून सेल्फ मारायला सांगितलं. सेल्फ कण्हत होता, पण समोरच्या भिंतीवरचा उजेड जवळपास तसाच होता. बॅटरी खरोखर उतरलेली असती, तर त्या क्षणी हेडलाइट पिवळट होऊन मंदावले असते. म्हणजे बॅटरीत दम होता, तो इंजिनपर्यंत पोचत नव्हता. मीटर लावला. उभ्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज. सेल्फ मारताना १०.८. हा आकडा ९.६ च्या खाली गेला, तर बॅटरीवर संशय घ्यायचा. इथे तसं कारणच नव्हतं. मग मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवली आणि पुन्हा सेल्फ मारायला सांगितलं. तिथे पाव व्होल्टच्या आत काहीतरी दिसायला हवं. मीटर पावणेदोन व्होल्टवर गेला.

सेल्फ सुरू होताना शंभर-दीडशे अँपिअर करंट ओढतो. नळीला पीळ पडला की टाकी भरलेली असूनही धार बारीक येते, तसं इथे होतं. दीडशे अँपिअरच्या वाटेत एका ओहमचा शंभरावा भाग जरी अडथळा असला, तरी दीड व्होल्ट तिथेच खर्च होतो. खाली वाकून पाहिलं, तर इंजिनपासून बॉडीला जाणारी विणलेल्या तांब्याची अर्थिंगची पट्टी हिरवी पडली होती आणि तिच्या बोल्टखाली गंज होता. बोल्ट काढला, पट्टीची टोकं आणि जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासली, आवळलं, वरून व्हॅसलीन लावलं. सेल्फ पहिल्या झटक्यात फिरला. सिस्टरांची जुनी बॅटरी बहुधा चांगलीच होती. ती केव्हाच भंगारात गेली होती.

भंगाराचाही विचार करायला हवा. बॅटरीत शिसं असतं. जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे, ते योग्यच आहे. पण उघड्या भट्टीत शिसं वितळवणाऱ्याच्या हाती गेलेली बॅटरी आसपासच्या मुलांच्या रक्तापर्यंत पोचते. वर्ष-दोन वर्षं चालली असती अशी बॅटरी उगाच काढणं म्हणून नुसत्या पैशांचा प्रश्न राहत नाही.

बॅटऱ्या खराब होत नाहीत असं मी म्हणत नाही. आपल्या उन्हाळ्यात त्या लवकर झिजतात. उन्हाने खाल्लेली बॅटरी पुढे पावसात नाहीतर थंडीतल्या पहाटे दगा देते. साधारण तीन-चार वर्षांनी ती बदलावी लागणं स्वाभाविक आहे. पण तेही मोजून ठरवावं. नवी बसवल्यावर गाडी चालू ठेवून बॅटरीवर साधारण पावणेचौदा ते साडेचौदा व्होल्ट येतात का, तेही बघावं. अल्टरनेटर चार्जच करत नसेल, तर नवी बॅटरीसुद्धा बघता बघता उतरते.

मीटर नसला तरी मालकाला कानाने बरंच कळतं. चावी फिरवल्यावर कटकटकट असा भरभर आवाज आला, तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल ढिलं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली, तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावी. अर्धे रोग तिथेच संपतात. एकच मोठा ‘टक’ आला आणि पुढे शांतता, तर सेल्फ किंवा त्याचा सोलेनॉइड बघावा. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पेट घेत नाही, अशा वेळी बॅटरीच्या मागे लागण्यात काहीच अर्थ नाही. पेट्रोलच्या इंजेक्शनवाल्या गाडीत चावी नुसती ऑन करून मागच्या सीटकडे कान द्यावा. टाकीतल्या पंपाची दोनेक सेकंद बारीक घूं ऐकू येते. ती आली नाही, तर आधी पंपाचा फ्यूज आणि रिले तपासावा. डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल, तर गाडीने चावी ओळखलेली नाही. दुसरी चावी लावून बघावी. आणि गाडी बरेच दिवस उभी असेल, तर उंदरांनी वायर कुरतडली आहे का, हे बघायला विसरू नये.

जंपर केबल लावताना घाई नको. लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला. आणि काळीचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या धातूवर, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगी शेवटच्या जोडणीला उडते.

आता गॅरेजवाल्यांची बाजू, कारण ती खरी आहे. सिस्टरांच्या गाडीचा दोष शोधायला मला बराच वेळ लागला आणि वापरलं काय, तर पॉलिश पेपरचा तुकडा. असंच काम करून एखाद्या मेकॅनिकने चारशे रुपये मागितले, तर आपण म्हणतो, ‘एक बोल्ट घासायचे चारशे?’ तेच आपण साडेपाच हजारांची बॅटरी मुकाट्याने घेतो, कारण काहीतरी वस्तू हातात पडली असं वाटतं. डॉक्टरांनी गोळी न देता नुसतं तपासलं, तरी आपण फी देतो. मेकॅनिकच्या डोक्याला मात्र आपण किंमत द्यायला तयार नाही. मग तो पार्टवरच्या कमिशनवर आणि जुन्या बॅटरीच्या भावावर जगतो. त्याला त्या वाटेला आपणच लावलं आहे.

म्हणून माझी मागणी दोन्हीकडे आहे. गॅरेजवाल्यांच्या संघटनांनी तपासणीचा वेगळा दर ठरवून तो भिंतीवर लावावा. बॅटरी किंवा सेल्फ बदलला, तर बिलावर चार आकडे लिहावेत: उभ्या गाडीतला व्होल्टेज, सेल्फ मारतानाचा, इंजिन चालू असतानाचा आणि अर्थिंगच्या वाटेतली घट. या मोजमापाला मोठा स्कॅनर लागत नाही, काहीशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. आणि ग्राहकाने, बॅटरी न बदलता नुसतं तपासून गाडी सुरू करून दिली तरी, तपासणीचे पैसे घासाघीस न करता द्यावेत.