गाडीचीं चाकें व रिकामी जागा

महाशिवरात्रीस आमच्या प्रतापगडावर यात्रा भरते. महादेवाच्या दर्शनास येणारे व दर्ग्यास जाणारे असे दोन्ही लोक त्या गर्दींत मिसळून चालतात. पूर्वीं जेथें बंड्या सोडून बैल बांधीत, तेथें आतां तऱ्हेतऱ्हेच्या मोटारी उभ्या असतात. यंदा माझा पुतण्या माझ्याबरोबर होता. त्याचें लक्ष देवाहून अधिक एका पिकअप गाडीकडे लागलें होतें. गाडी त्याच्याच गाडीसारखी. चाकें मात्र भलतींच मोठीं. लहान मुलानें आजोबांचे जोडे घालून अंगणांत हिंडावें, तशी ती मला दिसली. पुतण्यास ती तशी दिसली नसावी, हें उघडच आहे.

रात्रीं पंगतींत त्यानें विषय काढला. “काका, आपल्या गाडीलाहि तसेच टायर लावूं या. गाडी उंच करावयाची नाहीं, नुसते टायर बदलावयाचे.” गाडी उंच करणें म्हणजे पाट्यांच्या कमानी बदलून किंवा त्यांवर ठोकळे घालून वरचा सांगाडा चाकांपासून उचलून घेणें. हौशी लोक त्यास ‘लिफ्ट’ म्हणतात. तें काम खर्चाचें. म्हणून त्याशिवायच मोठें चाक बसवावें, अशी ही युक्ति. थोरले बंधु कांहीं बोलले नाहींत. ते बोलले नाहींत म्हणजे विषय माझ्याकडे आला, असा आमच्या घरचा रिवाज आहे. वहिनी मात्र वाढतां वाढतां थांबल्या. गाडी कागदोपत्रीं पुतण्याची असली, तरी ती घेतांना त्यांनीं हातांतल्या पाटल्या काढून दिल्या आहेत आणि राहिलेलें कर्ज घरच्या धानावर फिटत आहे.

मुलाची मागणी निव्वळ हौसेची होती, असें म्हणणें अन्यायाचें होईल. आमचा मुलूख तळ्यांचा व धानाचा. रोवणीच्या दिवसांत पांदणीनें खताचीं पोतीं बांधीपर्यंत पोंचवावयाचीं म्हणजे काय, हें शहरांतील वाचकांस कळणें कठीण. गेल्या वर्षीं आषाढांत त्याची गाडी मागील कण्यापर्यंत चिखलांत रुतली. ती ओढून काढण्यास ट्रॅक्टर आणावा लागला आणि ओढणाऱ्यानें जें ऐकविलें तें निराळेंच. चाक मोठें असतें तर कणा वर राहिला असता, हा त्याचा तर्क मुळींच खोटा नाहीं. म्हणून मीं नकार न देतां एवढेंच म्हटलें कीं, आधीं माप घेऊं.

माप म्हटल्याबरोबर मला बंडीच्या चाकाची धाव आठवली. माझ्या लहानपणीं सुतार लांकडी चाक करून देई व लोहार त्यावर लोखंडी धाव चढवी. लोहार प्रथम चाकाच्या परिघावरून एक लहान चकती फिरवून तिचे फेरे मोजी. नंतर तीच चकती लोखंडी पट्टीवरून चालवी. धाव चाकाहून किंचित् लहान ठेवावयाची, ती शेण्यांच्या आगींत लाल करावयाची, फुगली कीं सांडशींनीं धरून चाकावर बसवावयाची आणि लागलीच पाणी ओतावयाचें. वाफेचा लोट उठे, आरे तुंब्यांत करकरत, आणि थंड होतांना आवळलेली धाव सारें चाक घट्ट धरून ठेवी. त्या निरक्षर मनुष्यास ठाऊक होतें कीं, मापांत जवाएवढी चूक झाली तर धाव सैल राहील किंवा आरे मोडतील. रबरी हवेचा टायर डनलॉपनें बेलफास्ट येथें १८८८ सालीं पुढें आणला आणि चाकाचें सुख वाढलें. मापाची निकड मात्र कमी झाली नाहीं.

दुसरे दिवशीं सकाळीं आम्ही दोघे गाडीजवळ बसलों. गाडी महिंद्रची बोलेरो पिकअप. तिच्या मूळ टायरवर २१५/७५ आर १५ असें लिहिलेलें आहे. हे आकडे पुष्कळांस गूढ वाटतात, पण ते सोपे आहेत. २१५ ही टायरची रुंदी मिलिमीटरांत. ७५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेंकडा ७५. आर ही टायरच्या आंतील विणीची खूण. आणि १५ हा लोखंडी चाकाचा व्यास इंचांत. भिंत १६१ मिलिमीटर, ती वर एक व खालीं एक. त्यांत १५ इंचांचे ३८१ मिलिमीटर मिळविले कीं एकंदर व्यास सुमारें ७०३ होतो. पुतण्यानें यात्रेंत पाहिलेला टायर ३१ इंच व्यासाचा, साडेदहा इंच रुंद; म्हणजे व्यास ७८७ व रुंदी २६७. फरक ८४ मिलिमीटरांचा. पण कणा वर जाणार तो व्यासाच्या नव्हे, त्रिज्येच्या फरकानें, म्हणजे ४२ मिलिमीटर. आमच्या जुन्या मापानें सव्वादोन बोटें. एवढ्यानेंच मुलाचा चेहरा थोडा उतरला. त्याच्या कल्पनेंत गाडी वीतभर वर गेली होती.

परिघाचा हिशोब मीं त्याजकडूनच करविला. भास्कराचार्यांनीं लीलावतींत स्थूल मानासाठीं २२/७ व सूक्ष्म मानासाठीं ३९२७/१२५० हें गुणोत्तर दिलें आहे. गाडीच्या कामास स्थूल मान पुरतें. मूळ चाक एका फेऱ्यांत सुमारें २ मीटर २१ सेंटिमीटर चालतें, मोठें चाक २ मीटर ४७. मूळ चाकाचे किलोमीटरास ४५२ फेरे होतात, मोठ्याचे ४०४. गाडीचा वेगमापक मात्र फेरेच मोजतो; चाक बदललें हें त्यास कोण सांगणार? कांटा ६० दाखवील तेव्हां गाडी खरोखर ६७ च्या वेगानें धांवत असेल. शिवाय इंजिनाची ओढ लांब त्रिज्येवर पडल्यामुळें चाकाशीं मिळणारें बळ सुमारें एक दशांशानें घटतें. भरल्या गाडीनें चढ चढतांना क्लच जळूं लागतो तो ह्यामुळें. ब्रेक जुनेच, पण त्यांनीं थांबवावयाचें चाक अधिक जड व अधिक मोठें. तेव्हां गाडी थांबण्यास अंतरहि अधिक लागणार.

हें सारें ऐकून पुतण्या म्हणाला, “काका, पण जागा तर आहे ना? पाहा, चाकावर माझा हात सहज जातो.” हात जात होता खरा. मागच्या चाकाच्या माथ्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत आठ बोटें अंतर भरलें. येथेंच सारी फसगत आहे. मालवाहू गाडीच्या कमानी मालासाठीं बनविलेल्या असतात. म्हणून रिकामी गाडी ताठ उभी राहते व चाकावर पुष्कळ मोकळी जागा दिसते. ती जागा मोकळी नसते, ती भरल्या गाडीची असते. फाल्गुनांत आमची धानाची कोठी निम्मी रिकामी दिसते, म्हणून वहिनी तींत कोणास खाट टाकूं देत नाहींत.

परीक्षा करावयाचें ठरलें. पोतीं चढवून गाडी नेहमीच्या भारानें भरली; आठ बोटांचीं पांच झालीं. मग मीं वहिनींकडे कणकेचा गोळा मागितला. “भाऊजी, गाडीला नैवेद्य का?” असें विचारून त्यांनीं तो दिला, पण शिळ्या कणकेचा दिला. कणकेचे लांबट सुळके करून ते चाकावरच्या पत्र्यास आंतून चिकटविले आणि पुतण्यास त्या पांदणींतून, खड्ड्यांतून, मुद्दाम एक चाक दगडावर चढवून गाडी फिरवून आणावयास सांगितलें. परत आल्यावर पाहतों तों सुळके चेपून दोन बोटांचे राहिले होते. म्हणजे भरली गाडी आदळली कीं चाक पत्र्यापासून दोन बोटांवर येतें, आणि नवा टायर सव्वादोन बोटें वर चढणार! कणा जमिनीपासून जेवढा वर जावयाचा, तेवढीच वरची जागा खाल्ली जावयाची. भरल्या गाडीनें पहिल्याच मोठ्या खड्ड्यांत टायर पत्र्यास घासला असता. आणि धांवत्या टायरची भिंत कापली गेली तर पुढें काय होतें, तें लिहिण्याची गरज नाहीं. पुढच्या चाकांचा प्रकार याहून अवघड. तीं नुसतीं वरखालीं होत नाहींत, वळतातहि. रुंद टायर पूर्ण वळविला कीं त्याचा पुढचा कोपरा बंपराच्या आंतल्या बाजूस व मागचा कोपरा पत्र्याच्या कडेस लागतो.

यावर कारखान्यांतून उपाय सुचविले जातात, तेहि पुतण्यानें विचारून आणले. एक, घासणारा पत्रा व आंतील अस्तर कापून टाकणें. दुसरा, चाक व तुंबा यांच्यामध्यें जाड चकती घालून चाक बाहेर काढणें. ह्यानें आंतलें घासणें थांबतें, बाहेरचें वाढतें. शिवाय बेअरिंगवर ताण येतो व सुकाणू हाताला जड लागतो. तिसरा, चाकें कमी वळतील असा अटकाव घालणें. मग आमच्या गल्लींत गाडी वळवावयास दोनदा मागेंपुढें करावें लागणार. मला ह्यांत युक्तीपेक्षां घायकुतच अधिक दिसली. एका दुकानदारानें तर भार न चढवितां, चाक न वळवितां, गाडी नुसती डोळ्यांनीं पाहून “आरामांत बसेल” असा निर्वाळा दिला होता. पुतण्या आगाऊ रक्कम देऊन आला नव्हता, हें आमचें भाग्य.

राहिला कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमान्वयें नोंदणींतील तपशील कारखानदारानें मूळ दिलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल करतां येत नाहीं. मालवाहू गाडीच्या नोंदणींत टायरांची संख्या व माप हाहि तपशील असतो. सर्वोच्च न्यायालयानें ९ जानेवारी २०१९ च्या निकालांत हेंच कलम कडकपणें लावलें, आणि त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक बदलास पांच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेविली. थोरले बंधु इतका वेळ वर्तमानपत्र वाचीत होते. कर्जाची गाडी, तिच्या विम्यावर अपघाताच्या वेळीं कंपनीनें हरकत घेतली तर काय, एवढेंच त्यांनीं विचारलें.

“मग एकच पायरी वर जाऊं,” पुतण्या म्हणाला. २३५/७५ चा हिशोब केला. व्यास ७३३; कणा १५ मिलिमीटर वर, एक बोटहि नाहीं. जागा पुरली असती व वेगाचा फरक शेंकडा चारांचा. पण तें माप आमच्या गाडीच्या नोंदणींत नव्हतें, आणि बोटाहून कमी उंचीसाठीं जादा चाकासह पांच टायर घ्यावयाचे, हें त्यालाच पटेना.

तेव्हां प्रश्न उरला चिखलाचा, आणि येथें मला माझाहि एक समज सोडावा लागला. रुंद चाक चिखलांत चांगलें, असें मी धरून चाललों होतों. तें खोल, तळ नसलेल्या चिखलांत खरें. रुंद चाक वरचेवर तरंगतें. आमच्या पांदणींत मात्र चिखल ढोपराखालीं आणि त्याच्या खालीं कठीण जमीन. तेथें अरुंद टायर चिखल कापून खालच्या जमिनीस पाय लावतो, रुंद टायर मधल्यामध्येंच घसरत राहतो. आमच्या बंडीचें चाक अरुंद होतें व तें चालत होतें. त्याहून महत्त्वाची गोष्ट खांचांची. पुतण्याच्या मागील टायरांच्या खांचा झिजून सपाट झाल्या होत्या. टायरच्या अंगावर छापलेल्या चार आंकड्यांवरून, जे बनविल्याचा आठवडा व वर्ष सांगतात, ते जुनेहि झाले होते. मूळ मापाचेच, खोल व मोकळ्या खांचांचे मागील दोन टायर घेतले. घेतांना भारांक मूळापेक्षां कमी नाहीं हें पाहिलें. हा आंकडा टायरवर मापाशेजारींच असतो, आणि १०० आंकडा असला तर एका टायरनें ८०० किलोग्रॅम भार सोसावा, असा त्याचा अर्थ.

यंदाच्या रोवणींत गाडी पांदणीनें बहुतेक वेळां पार झाली. एकदां मात्र त्याच जुन्या खळग्यांत अडकली, आणि पुतण्यानें माझ्याकडे अशा नजरेनें पाहिलें कीं मला उत्तर सुचेना. पुढल्या आठवड्यांत त्यानें शेजारच्या चार शेतकऱ्यांस गांठून त्या खळग्यांत दोन ट्रॉल्या मुरूम टाकविला. वहिनींच्या पाटल्यांचा विषय दिवाळीनंतर धान विकलें म्हणजे पाहूं, असें थोरले बंधु म्हणाले आहेत. यात्रेंतील त्या गाडीचें छायाचित्र पुतण्यानें मोबाइलमध्यें अद्याप ठेविलें आहे. परवां तें तो माझ्या नातवास दाखवीत होता.