आमदारसाहेब, पहिला सवाल कामगाराचा!

कामगार बंधूंनो,

२१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत कामगारांचा मोर्चा विधानसभेवर निघाला. त्याला गोळ्या मिळाल्या. त्या रक्तातून १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. म्हणून विधानसभेत पहिला हक्क आमचा!

पालघर-बोईसरच्या आमदारांनो, अधिवेशन भरलं की वाढवण बंदराच्या हजारो कोटींची भाषणं मागाहून करा. ११ जानेवारी २०२० ला तारापूर एमआयडीसीत रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, ८ जीव गेले. पहिल्या दिवशी तारांकित प्रश्न टाका: कुठल्या कारखान्याची तपासणी कधी झाली? धोक्याची पाटी मराठीत आहे का? परप्रांतातून आलेल्या कामगार भावाला ती त्याच्या भाषेत समजावली का?

बंधूंनो, उत्तर आणणार नाही त्याला मत नाही!

कामगार एकजुटीचा विजय असो!