इंटरकूलर आणि पाण्याची उधारी

मेकॅनिकलच्या कुठल्याही बॅचमध्ये दोन-चार टर्बोवेडी माणसे असतातच. मेसमध्ये भाजी कुठली हे विचारण्याआधी गाडीचा बूस्ट किती हे त्यांना विचारायचे असते! या मंडळींचे लाडके दैवत म्हणजे वॉटर-टू-एअर इंटरकूलर. "पाणी हवेपेक्षा जास्त उष्णता घेते, म्हणजे पाण्याचाच इंटरकूलर भारी," एवढ्या एका वाक्यात विषय संपतो. फायनल इयरचा प्रोजेक्ट ठरतो, वर्गणी निघते, घरी फोन जातात.

माझे मत जरा वेगळे आहे. पाण्याचा इंटरकूलर वाईट मुळीच नाही. पण आपण तो ज्या कारणासाठी बसवायला निघतो ते कारण बहुतेक वेळा चुकीचे असते, आणि त्याची टेस्ट ज्या पद्धतीने करतो ती आपल्याच डोळ्यांत धूळ फेकणारी असते.

आधी थोडी आकडेमोड. कॉम्प्युटरवाल्यांनो, पान उलटू नका, गणित सोपे आहे! टर्बोचार्जर एक्झॉस्टच्या जोरावर फिरतो आणि हवा दाबून इंजिनात भरतो. आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये याचे पेटंट घेतले. आता हवा दाबली की ती तापणारच. सायकलमध्ये हवा भरताना पंप हाताला गरम लागतो ना, तसेच. बाहेर ३५ अंश सेल्सिअस आहे, टर्बो हवेचा दाब दुप्पट करतोय आणि कॉम्प्रेसरची एफिशियन्सी ७० टक्के आहे असे धरा. बाहेर पडणारी हवा साधारण १३० अंशांची निघते. अशी गरम हवा विरळ असते, आणि पेट्रोल इंजिनात ती नॉकिंगला आमंत्रण देते. मग ईसीयू टायमिंग मागे घेतो आणि टर्बोने कमावलेली ताकद तिथेच जाते. तीच हवा ५५ अंशांपर्यंत थंड केली तर ती सुमारे २३ टक्के घट्ट होते (इंटरकूलरमधला प्रेशर ड्रॉप सोडून). म्हणून इंटरकूलर हवाच, याबद्दल वाद नाही.

वाद पुढे आहे. १०० हॉर्सपॉवरच्या आसपासचे पेट्रोल इंजिन फुल लोडला सेकंदाला साधारण ०.१ किलो हवा घेते. ती ७५ अंशांनी थंड करायची म्हणजे साडेसात किलोवॅट उष्णता बाहेर काढायची. हॉस्टेलच्या बाथरूममधले २ किलोवॅटचे जवळजवळ चार गीझर! ही उष्णता जाणार कुठे? पाण्यात. आणि पाण्यातून? शेवटी बाहेरच्या हवेतच. दुसरी जागाच नाही.

माझा मुद्दा इथेच आहे. पाणी उष्णता संपवत नाही, ती कॅन्टीनच्या वहीत मांडून ठेवते. महिनाभर आपण वडापाव खातो, पैसे द्यावे लागत नाहीत, फार छान वाटते. पण एक तारीख येतेच! पाण्याच्या सर्किटमध्ये ही उधारी फेडतो तो गाडीच्या नाकासमोर बसवलेला छोटा रेडिएटर. तो कमी पडला की पाणी तापत जाते, आणि गरम पाण्याचा इंटरकूलर काही कामाचा नाही.

वहीत मावते तरी किती? सर्किटमध्ये ५ लिटर पाणी असेल आणि रेडिएटर नसेलच, तर साडेसात किलोवॅटवर दर पावणेतीन-तीन सेकंदांना पाणी एक अंश तापते. मिनिटाभरात २१ अंश! ड्रॅग रेसमध्ये ४०० मीटर पंधरा सेकंदांत संपतात, पाणी पाचेक अंशच वाढते, म्हणून तिथे ही सिस्टिम शोभते. पण खंडाळ्याचा घाट पंधरा सेकंदांत संपत नाही.

मग कुणीतरी बर्फ आणतो. डेमोच्या दिवशी टाकीत २ किलो बर्फ, एक्स्टर्नलसमोर मिनिटभर इंजिन, डिस्प्लेवर झकास आकडा आणि टाळ्या. त्या बर्फाची वितळण्याची उष्णता आहे ६६८ किलोज्युल. साडेसात किलोवॅटने भागा: दीड मिनिट! अमेरिकेतल्या फॉर्म्युला एसएई स्पर्धेच्या नियमावलीत हवेचा आणि पाण्याचा असे दोन्ही इंटरकूलर चालतात, पण इनटेकमधली उष्णता काढायला फक्त आजूबाजूची हवाच वापरायची अशी अट आहे. म्हणजे बर्फ बाद. नियम करणाऱ्यांनी असले डेमो पाहिले असावेत!

मग पाण्याचा इंटरकूलर लावायचाच का? त्याचे खरे कारण आहे जागा आणि लांबी. हवेचा इंटरकूलर पुढच्या बंपरमागे असला की टर्बोपासून तिथपर्यंत आणि तिथून इंजिनपर्यंत जाड पाइप फिरवावे लागतात. ती सगळी जागा भरल्याशिवाय बूस्ट बनत नाही. पाण्याचा कोअर इंजिनला चिकटून बसतो, पाइप आखूड होतात, रिस्पॉन्स सुधारतो. पुण्याजवळ चाकणला बनणाऱ्या आणि २०२१ मध्ये आलेल्या स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगनच्या टीएसआय इंजिनात इंटरकूलर थेट इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आहे, पाण्याने थंड होणारा. उलट सुबारूने १९८९ च्या टर्बो लेगसीला पाण्याचा इंटरकूलर दिला, पण १९९२ च्या इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्सवर हवेचाच, इंजिनच्या डोक्यावर बसवला. म्हणजे कंपन्यासुद्धा जागा बघून ठरवतात, फॅशन बघून नाही.

तेव्हा लावायचाच असेल तर पैसे कुठे घालायचे ते नीट ठरवा. आपण चकचकीत अॅल्युमिनियमच्या कोअरवर सगळे बजेट उडवतो आणि रेडिएटर भंगारातून आणतो. हे उलटे करा. आधी पुढचा रेडिएटर, मग पंप, आणि उरलेल्या पैशात कोअर. सर्किट वेगळेच ठेवा; इंजिनचे कूलंट ९० अंशांच्या आसपास असते, ते इथे वापरून काय थंड करणार? पंप मिनिटाला २० लिटर देत असेल तर साडेसात किलोवॅट घेताना पाणी कोअरमधून साडेपाच अंशच तापून बाहेर येते. ५ लिटर देत असेल तर एकवीस अंश. टाकी सर्किटमधल्या सर्वांत उंच जागी ठेवा, नाहीतर हवा अडकेल आणि पंप नुसता गुरगुरत बसेल. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून नुसते नळाचे पाणी भरू नका, गंज न धरण्यासाठी कूलंट हवेच. आणि बसवण्याआधी कोअर पंक्चरवाल्याच्या टबात बुडवून हवेच्या दाबाने तपासा. आत लीक झाला तर पाणी सरळ सिलिंडरमध्ये जाईल. पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो!

हे सगळे करूनसुद्धा, पुढे मोकळी जागा असलेल्या आणि तासन्तास रस्त्यावर धावणाऱ्या गाडीसाठी मी साधा हवेचाच इंटरकूलर निवडेन. पंप नाही, टाकी नाही, लीक नाही, आणि उष्णता एकाच टप्प्यात बाहेर. रोख व्यवहार!

शेवटी आपल्या गाइड सर-मॅडमना एक विनंती. असा प्रोजेक्ट समोर आला की पहिल्या मिनिटाच्या रीडिंगला मार्क देऊ नका. इंजिन लोडवर दहा मिनिटे चालू द्या आणि मग विचारा, आता कोअरमधून निघणारी हवा किती अंशांवर आहे आणि पाणी किती? आणि मित्रांनो, डेमोच्या सकाळी बर्फ आणायला कुणाला पाठवणार असाल, तर त्याला त्याऐवजी दोन थर्मोकपल आणायला पाठवा.