मधले गाव

आमच्या कॉलेजातले एक तरुण सहकारी परवा माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "सर, कागल बरं, वडगाव बरं, की तुमचं जयसिंगपूर?" लग्न होऊन वर्ष झालेले. कोल्हापुरात दोन खोल्यांचे भाडे पगाराचा लचका तोडते, म्हणून बाहेर कुठेतरी बिऱ्हाड करावे आणि रोज ये-जा करावी, असा त्यांचा बेत. वाचकहो, कोल्हापूर सोडल्यापासून मी या विषयातला जाणकार समजला जातो. पाय मोडलेल्या माणसाला हाडवैद्याचा पत्ता विचारतात, त्यातलाच हा प्रकार!

कागल वाईट नाही. हमरस्त्यावरचे गाव, जवळच औद्योगिक वसाहत, शिवाय शाहू महाराजांचे जन्मघराणे तिथले. त्यामुळे कोल्हापूरकराला परगावी गेल्यासारखे वाटत नाही. वडगावही बाजारपेठेचे गाव. पन्हाळ्याचे स्वप्न तर मराठीच्या प्रत्येक प्राध्यापकाला एकदा पडतेच: धुके, तटबंदी आणि खिडकीशी टेबल. मलाही पडले होते. पुढे 2021 च्या जुलैत पावसाने गडाचा रस्ता खचला, तेव्हा टेबल तिथे नेले नाही याबद्दल मी अंबाबाईचे आभार मानले.

जयसिंगपूर मात्र मी निवडले नाही. ते नकाशाने निवडले, आणि नकाशा आमच्या सौभाग्यवतींनी उलगडला होता.

आमचे घर शुक्रवार पेठेत, म्हणजे पंचगंगेच्या शेजारधर्मात. मी कॉलेजात चालत जात असे. सौभाग्यवती मिरजेला एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत. 2008 पासून त्या रोज कोल्हापूर–मिरज करीत. ही रेल्वे कोल्हापूर संस्थानाने 1891 साली सुरू केली, हे मी पाहुण्यांना अभिमानाने सांगत असे. त्या गाडीला घरातले एक माणूस रोज पळत असते, हे सांगायचे राहून जाई. त्या पाचला उठत, डबे करीत, गाडी चुकली की एस.टी. पकडत, आणि संध्याकाळी येताना निवडलेली मेथी पिशवीतून काढीत. घरात कुणाला ती ये-जा हा प्रश्न वाटत नव्हता. मी तर नव्हतोच म्हणत.

2019 च्या ऑगस्टात महापूर आला. शिरोलीपाशी हमरस्ता पाण्याखाली, रेल्वे बंद, सांगलीची निम्मी वस्ती बुडालेली. आमच्या तळमजल्यात पाणी शिरले, आणि आई, मुलगा व मी शेजाऱ्यांच्या माडीवर बसून राहिलो. सौभाग्यवती मिरजेत एका मैत्रिणीकडे अडकल्या. फोन लागे आणि तुटे. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. तो दर तासाला विचारी, "आई कुठल्या बाजूला आहे?" पाणी ओसरल्यावर त्या घरी आल्या, चिखल काढला, आणि रात्री एवढेच म्हणाल्या, "अहो, यापुढं पाणी आलं तर आपण सगळे एकाच बाजूला असू, असं काहीतरी बघा."

मग जयसिंगपूर. शाहू महाराजांनी 1917 साली आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवलेले गाव. आधी आखले आणि मग बांधले, असे आपल्याकडे क्वचित घडते. रस्ते सरळ, चौक काटकोनात, गल्ल्यांना क्रमांक. आमच्या तालमीतल्या एका मित्राला हे सांगितले तेव्हा तो गंभीर झाला. "गल्लीला नंबर? मास्तर, नंबर कैद्याला असतोय!" त्याच्या मते रंकाळा आणि तांबडा-पांढरा सोडून जाणारा माणूस मुळात कोल्हापूरचा नव्हेच. आई निराळ्या कारणाने रुसली. तिचा शुक्रवार अंबाबाईचा. नरसोबाची वाडी जवळ पडेल, असे मी सुचवताच ती म्हणाली, "दत्त दत्ताच्या जागी, आई आईच्या जागी." आजही महिन्यातून एक शुक्रवार ती माझ्याबरोबर एस.टी.ने कोल्हापूरला येते, तिकीट न काढता; पंच्याहत्तरी उलटलेल्यांना ते माफ आहे, हे कंडक्टरच्या आधी तीच सांगते.

आम्ही 2021 च्या जानेवारीत सामान हलवले आणि जुलैत पुन्हा पूर आला. गावाच्या एका अंगाला कृष्णा, दुसऱ्या अंगाला पंचगंगा. रस्ते दोन्हीकडून तुटले. म्हणजे पुरापासून आम्ही सुटलो, असे मुळीच नाही. पण आदल्या संध्याकाळी सौभाग्यवती घरी पोचल्या होत्या. मुलाने त्या वेळी काही विचारले नाही. तो दिवसभर पत्ते खेळत होता.

आता मिरज हाकेच्या अंतरावर आली आणि कोल्हापूर चाळीसेक किलोमीटरवर गेले. अप-डाऊनवाला मी झालो. कॉलेजे पुन्हा वर्गात भरू लागली, त्या पहिल्या आठवड्यात मी घरी येऊन आडवा होत असे आणि चहाची वाट पाहत असे. चहा येई. त्याबरोबर एक प्रश्नही येई, "बसायला जागा मिळाली का?" पहिल्या दिवशी मी हातकणंगल्यापर्यंत उभा होतो, ते रंगवून सांगितले. तिसऱ्या दिवशी रुकडीच्या पुलावर गाडी किती थांबली, ते सांगितले. चौथ्या दिवशी सांगता सांगता मला आठवू लागले, की हा प्रश्न मी बारा वर्षांत कधी विचारला होता? आठवेना. त्यांना विचारले, तर म्हणाल्या, "नसेल विचारला. तुम्ही वाचत असायचात." 2023 च्या मार्चपासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले. ही सवलत त्यांची ये-जा संपल्यावर आली, याचे दुःख त्यांच्यापेक्षा मलाच अधिक.

असो. सहकाऱ्यांना मी म्हणालो, "गाव पाहायला रविवारी जाऊ नका. रविवारी सगळीच गावं छान असतात. आधी सोमवारी जा. सकाळी तिथून निघून पहिला तास गाठा, आणि संध्याकाळी परत जाऊन बघा. तेही उसाच्या हंगामात, दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर पुढे असताना. आणि वहिनी कुठे नोकरी करतात?"

ते जरा थांबले. "ती? ती इचलकरंजीला शिकवते. पण तिचं काय, तिला बसची सवय आहे."

मी त्यांना चहा मागवला, आणि नकाशा काढायला सांगितला.