थंडी, धुके आणि सायकलस्वार

थंडी ही मोठी सापेक्ष गोष्ट आहे. श्रीनगरच्या किंवा सिमल्याच्या वाचकाला कोलकात्याची थंडी म्हणजे केवळ गंमत वाटेल. जानेवारीतील पहाटेचे तपमान येथे बहुधा १२ ते १५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पारा १० अंशांखाली क्वचितच उतरतो. कर्कवृत्त ह्या शहराच्या थोडे उत्तरेकडून जाते आणि समुद्रही फार दूर नाही. त्यामुळे रस्त्यावर बर्फ साचण्याचा प्रश्न येथे कधी उद्भवतच नाही. तरीही डिसेंबर उजाडला की बंगाली गृहस्थ कानटोपी चढवतो, गळ्याभोवती मफलर गुंडाळतो आणि आपल्या ह्या सावधगिरीची थट्टा हसतमुखाने सोसतो.

परंतु थट्टेचा हा विषय क्षणभर बाजूला ठेवून, त्याच थंडीत पहाटे पाचच्या सुमारास रस्त्यावर कोण असते ते पाहू या. शहराच्या पूर्वेस एक विस्तीर्ण पाणथळ प्रदेश आहे. शहराचे सांडपाणी तेथील उथळ तळ्यांत सोडून त्यावर मासळी वाढवतात. ह्या तळ्यांना तेथे 'भेडी' म्हणतात. २००२ साली ह्या प्रदेशाची गणना रामसर कराराखालील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत झाली. तेथली मासळी ॲल्युमिनियमच्या हंड्यांत भरून, हंडे सायकलच्या मागच्या कॅरिअरला बांधून कोळी बांधव शहराकडे निघतात. त्यांच्या मागोमाग भाजीवाला, दूधवाला आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे घेतलेला मुलगा असतो. शहराबाहेरच्या गावांतून शिंदीची नीरा उतरवणारे 'शिउली' मडकी दोन्ही बाजूंना लटकवून सायकल दामटत असतात; ह्याच नीरेचा 'नोलेन गूळ' हिवाळ्यात बंगाली घराघरांत पोहोचतो. ह्यांच्या नंतर येतात ते कारखान्यांतील कामगार, गवंडी, सुतार, दुकानांतील नोकर आणि घरकामास जाणाऱ्या स्त्रिया.

ह्या मंडळींच्या दृष्टीने सायकल ही हौस किंवा व्यायामाचे साधन नाही. ती त्यांच्या मिळकतीचा आधार आहे. रोजच्या बसभाड्याचे जे पैसे वाचतात, ते महिनाअखेर घरखर्चाला लागतात. शिवाय मासळीचा हंडा घेऊन बसमध्ये चढता येत नाही, हेही आहेच. सायकल बंद पडली किंवा तिचा स्वार जायबंदी झाला, तर त्या घरातील चूल अडते. म्हणून हिवाळ्यातील सायकलप्रवास हा एकट्या स्वाराचा प्रश्न नसून त्याच्या साऱ्या कुटुंबाचा प्रश्न आहे, आणि त्याचा विचार ह्या सदरात करणे उचित होईल.

बर्फ नसला तरी ह्या हिवाळ्याला त्याचे स्वतःचे तीन धोके आहेत.

पहिला धोका धुक्याचा. निरभ्र रात्री जमीन लवकर थंड होते. नदी, तळी आणि ओली शेते ह्यांवरची दमट हवा तिच्या सान्निध्यात गार होते आणि हवेतील बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात. पहाटे हे धुके सर्वांत दाट असते आणि ऊन वर येईपर्यंत टिकते. नेमकी तीच वेळ आपल्या सायकलस्वाराच्या वाटचालीची. धुक्यात त्याला समोरचे दिसत नाही ही गोष्ट खरी. पण त्याहून भयंकर गोष्ट ही की तो इतरांना दिसत नाही. काळी सायकल, करडी शाल आणि मागे दिवा नाही, असा माणूस भरधाव येणाऱ्या लॉरीच्या चालकाला शेवटच्या क्षणापर्यंत जाणवतच नाही.

दुसरा धोका ओल्या लोखंडाचा. कोलकात्यात १८७३ साली घोड्यांची आणि १९०२ साली विजेची ट्राम धावू लागली. २०२४ साली राज्य सरकारने एक लहानसा मार्ग वगळता ट्राम बंद करण्याचे जाहीर केले. तथापि रस्त्यांत बसवलेले रूळ अनेक ठिकाणी उरले आहेत. दव पडून ओला झालेला रूळ हा जवळजवळ बर्फाइतकाच निसरडा असतो. सायकलचे चाक त्याच्या खाचेत अडकले किंवा तिरके घसरले की स्वार आडवा पडतो, आणि तोही बहुधा रस्त्याच्या मधल्या बाजूस, मागून येणाऱ्या वाहनाच्या वाटेत. ब्रेकचेही तसेच. जुन्या पद्धतीच्या सायकलीस पोलादी कडेची चाके असतात. ती कड ओली झाली की रबरी गुटके प्रथम नुसतेच घसरतात, कड पुसली गेल्यावर मग पकड घेतात. तेवढ्या वेळात सायकल बरेच अंतर पुढे जाते.

तिसरा धोका डोळ्यांना सहज दिसत नाही, तो हवेचा. हिवाळ्यात पुष्कळदा जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्यावरचा थर उबदार असतो. जड, थंड हवा वर जात नाही आणि मोटारींचा धूर, रस्त्याची धूळ, शेकोट्यांचा धूर हे सारे झाकणाखाली कोंडावे तसे खालीच कोंडून राहते. सायकल चालवणारा माणूस श्रमामुळे खोल श्वास घेतो. म्हणून जो धूर त्याने मुळीच निर्माण केला नाही, त्याचा मोठा वाटा त्याच्याच छातीत जातो.

ह्या तिन्ही धोक्यांवर घरच्या घरी काही इलाज करता येतात आणि ते फारसे खर्चाचे नाहीत. सायकलच्या मागे लाल दिवा अवश्य असावा. चाकावर घासून चालणारा डायनॅमो सायकल थांबताच विझतो. म्हणून मागच्या बाजूस बॅटरीवर चालणारा छोटा दिवा बसवणे अधिक चांगले. मडगार्डवर प्रकाश परतवणारी लाल पट्टी चिकटवावी आणि पॅडलच्या कडेला पिवळी. शक्यतो फिक्या रंगाचा कोट किंवा स्वेटर वापरावा; शाल गडद असेल तर तिच्यावर पांढऱ्या कापडाचा रुंद पट्टा शिवून घ्यावा. सुईदोऱ्याचे हे पाच मिनिटांचे काम एखाद्या घरचा कर्ता माणूस वाचवू शकेल.

रूळ ओलांडताना सायकल शक्य तितकी काटकोनात न्यावी आणि त्या क्षणी ब्रेक लावू नये, हँडल वळवू नये. ओझे जड असेल तर उतरून चालत ओलांडणे उत्तम. ओल्या सकाळी ब्रेक थोडे आधीच हलके दाबून धरावे, म्हणजे कड पुसली जाते. थंडीत चाकातील हवा किंचित बसते. आठवड्यातून एकदा पंप मारून पाहावा. चेनला तेल द्यावे, पण तेलाचा थेंब चाकाच्या कडेवर पडू देऊ नये.

कपड्यांविषयीही दोन शब्द. पहिली दहा मिनिटे थंडी वाजते, पुढे शरीर आपोआप तापते. म्हणून एका जाड स्वेटरापेक्षा दोन पातळ कपडे बरे, म्हणजे त्यांतील एक वाटेत काढता येतो. घाम जिरवणारा सुती बनियन आत असावाच. मफलर, शाल, ओढणी किंवा साडीचा पदर ह्यांची टोके नीट खोचावी. चाकात अडकलेल्या टोकाने मोठे अपघात होतात. कानटोपी घालावी, परंतु ती इतकी जाड नसावी की मागून वाजणारा भोंगा ऐकू येऊ नये. बसच्या मागोमाग जाण्याऐवजी आतल्या गल्लीची वाट सापडत असेल तर ती धरावी. चार मिनिटे अधिक लागली तरी छातीला तेवढाच विसावा.

इतके सारे केल्यावरही एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो घराच्या उंबऱ्याबाहेरचा आहे. तो समजण्यासाठी जेथे खरोखर बर्फ पडतो अशा प्रदेशांकडे पाहावे लागेल. आपल्या लोकांनाही त्या प्रदेशांचा परिचय आहे. १९२३ साली मुंबईहून काही पारशी तरुण सायकलवरून जगाच्या प्रवासास निघाले. १९२६ च्या डिसेंबरात कलकत्त्याहूनही चार बंगाली तरुण तसेच निघाले. त्यांपैकी बिमल मुखर्जी हे आइसलँड, फिनलंड असे हिमप्रदेश पाहून, पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १९३७ साली परतले आणि पुढे 'दु चाकाय दुनिया' ह्या पुस्तकात त्यांनी तो प्रवास लिहिला. कोलकात्याच्या मवाळ हिवाळ्यात वाढलेल्या तरुणाला ते हवामान अडवू शकले नाही.

ते साहस विरळा होते. पण आज त्याच उत्तरेकडील देशांत साधी माणसे, शाळकरी मुले आणि आजीबाईसुद्धा भर हिवाळ्यात सायकलने ये-जा करतात. फिनलंडमधील औलू हे शहर आर्क्टिक वृत्तापासून फार दूर नाही. तेथे सायकलींसाठी स्वतंत्र वाटांचे मोठे जाळे आहे. बर्फ पडला की यंत्रे पहाटेच येऊन तो सारतात आणि उरलेला दाबून खरबरीत करतात, म्हणजे चाक घसरत नाही. हिवाळी सायकलप्रवासावरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ साली ह्याच शहरात भरली. डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात बर्फ काढताना सायकलींच्या मुख्य वाटांना अग्रक्रम दिला जातो. बर्फाने सायकल थांबत नाही. तिला वाट मिळाली नाही म्हणजे ती थांबते.

ह्याचा उलट पुरावा आपल्या महाराष्ट्रात आहे. पुण्याची जानेवारीतील पहाट कोलकात्याहून पुष्कळदा अधिक गार असते, आणि तरीही एके काळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून देशभर ओळखले जात असे. विद्यार्थी, कारकून, प्राध्यापक सारे सायकलवर. त्या सायकली थंडीने नेल्या नाहीत. स्वयंचलित वाहने वाढली, रस्त्यावर भय वाढले आणि माणसे एकेक करून सायकलवरून उतरली.

कोलकात्यात तर उतरण्याचा हुकूमच निघाला. २००८ साली तेथील पोलिसांनी काही प्रमुख रस्त्यांवर सायकलींना मनाई केली. २०१३ साली अशा रस्त्यांची संख्या १७४ पर्यंत गेली. विरोध झाल्यावर ती बरीच कमी करण्यात आली, आणि २०२० साली महामारीच्या काळात, बसगाड्या अपुऱ्या असताना, सायकलस्वारांना अनेक रस्त्यांवर सवलत मिळाली. पोलिसांची अडचणही समजून घेतली पाहिजे. ह्या शहराच्या क्षेत्रफळापैकी अवघे सुमारे ६ टक्के रस्त्यांखाली आहे. तेवढ्यात बस, मोटार, रिक्षा, हातगाडी आणि पादचारी ह्या सर्वांना सामावणे सोपे नव्हे. परंतु जागा थोडी असेल तर ती कमी अडवणाऱ्या वाहनाला आधी मिळावी, हा न्याय घरातही चालतो. एका मोटारीच्या जागेत कित्येक सायकली मावतात. शिवाय केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने पायी चालणाऱ्यांच्या आणि सायकलस्वारांच्या सोयीवर भर दिलेला आहे.

ह्या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक हृद्य आहे. २०१५ साली पश्चिम बंगाल सरकारने 'सबुज साथी' ही योजना सुरू केली. तिच्याखाली नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना सायकली दिल्या जातात, आणि दिलेल्या सायकलींची संख्या एक कोटीच्या वर गेली आहे. खेड्यातील मुलीला दूरची शाळा ह्या सायकलमुळे जवळ आली. हीच मुलगी उद्या शिकून नोकरीसाठी शहरात येईल. ज्या सायकलने तिला शाळेच्या दारापर्यंत आणले, तिच्यावरून शहराच्या मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी तिला उतरावे लागले, तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होईल.

कोलकात्याजवळच्या न्यू टाऊन वसाहतीत सायकलींसाठी वेगळ्या मार्गिका आखल्या आहेत. म्हणजे हे काम आपल्याकडे अशक्य नाही. जुन्या शहरात रुंद रस्ते नसतील, पण गल्ल्यांचे जाळे आहे. त्या जोडून, दिवे लावून, खड्डे बुजवून सुरक्षित वाट काढता येईल. आपापल्या गावातही हे करता येण्याजोगे आहे. नगरपालिकेच्या सभासदाला भेटताना गटाराचा आणि पाण्याचा प्रश्न आपण मांडतो, तसाच शाळेपर्यंतच्या सायकलवाटेचाही मांडावा. ज्यांच्या घरी मोटार आहे त्यांनी धुक्याच्या सकाळी वेग कमी ठेवावा, रस्त्याची डावी कड सायकलस्वाराची आहे हे ध्यानात धरावे आणि आपल्या चालकालाही तसे बजावावे.

हिवाळ्यात सकाळी आपल्या दाराशी दूध येते, वर्तमानपत्र येते, ताजी भाजी येते. ती आणणाऱ्याच्या सायकलला मागचा दिवा आहे की नाही, एवढे तरी आपण उद्या पाहावे. आणि नसेल, तर महिन्याच्या हिशेबात त्याच्यासाठी एका दिव्याचे पैसे जमेस धरावे.