वृत्तपत्रविद्येचे पदव्युत्तर अध्ययन आणि केडगावची बातमी

वृत्तपत्रविद्येच्या पदव्युत्तर अध्ययनाविषयी मराठीत दोन टोकांची मते दीर्घकाळ मांडली जात आहेत. पत्रकार हा जन्मावा लागतो, तो वर्गात घडवता येत नाही, असे जुन्या संपादकीय परंपरेतील अनेकांना वाटत आले आहे. बाळशास्त्री जांभेकरांपासून आगरकर-टिळकांपर्यंत कोणीही या विषयाची पदवी घेतलेली नव्हती, हा त्यांचा आवडता दाखला. दुसऱ्या बाजूला ही पदवी म्हणजे वृत्तपत्राच्या कचेरीत शिरण्याचा परवाना, असे मानणारा वर्ग आहे. ही दोन्ही मते वरवर परस्परविरोधी असली तरी त्यांचे गृहीतक एकच आहे : या विषयात अभ्यास करण्यासारखे काही नाही, जे आहे ते केवळ कसब आहे. या गृहीतकाचीच तपासणी होणे आवश्यक आहे. आणि ती पुण्यातील वर्गखोलीतून करण्यापेक्षा दौंड तालुक्यातील केडगावसारख्या गावाच्या बाजूने केल्यास अधिक फलदायी ठरेल.

प्रथम थोडा इतिहास लक्षात घ्यावा. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाने १९०८ साली पत्रकारितेची स्वतंत्र शाळा काढली. कोलंबिया विद्यापीठातील शाळा १९१२ साली सुरू झाली. तिच्यासाठी देणगी देणाऱ्या जोसेफ पुलित्झर यांना १९०४ साली एक प्रदीर्घ लेख लिहून ‘पत्रकार जन्मावा लागतो’ या आक्षेपाचे खंडन करावे लागले होते. म्हणजे हा वाद आपल्याकडचा नव्हे आणि नवाही नव्हे. आपल्याकडे नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत हे शिक्षण सुरू झाले. पुणे विद्यापीठात १९६४ साली या विषयाचा विभाग निघाला आणि फर्गसन महाविद्यालय रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूशी त्याचे नाव जोडले गेले. २०२१ साली हा विभाग तेथून हलवून विद्यापीठाच्या मुख्य आवारातील दुसऱ्या विभागात विलीन करण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा आजी-माजी विद्यार्थ्यांनी त्याला विरोध केला. त्या वादात वास्तूविषयी पुष्कळ बोलले गेले. तेथे काय शिकवले जावे याविषयी त्या मानाने फारच थोडे. वस्तुतः हा दुसरा प्रश्नच अधिक मूलभूत होता.

प्रचलित अभ्यासक्रमांचे स्वरूप पाहिले तर त्यांचे दोन भाग पडतात. एक भाग कौशल्यांचा : बातमीलेखन, संपादन, मथळे, पृष्ठरचना आणि अलीकडे संगणक व भ्रमणध्वनी यांवरील माध्यमकार्य. दुसरा भाग संज्ञापनाच्या सिद्धान्तांचा. त्याची उदाहरणे बहुतांशी पाश्चात्त्य, परिभाषा अनुवादित आणि संदर्भ मराठी समाजाशी सैलपणे जोडलेले. या दोहोंच्या मध्ये जो भाग असावयास हवा तो म्हणजे मराठी वृत्तपत्रांचा प्रत्यक्ष वाचनातून केलेला अभ्यास. त्याच्या वाट्याला एखादी प्रश्नपत्रिका येते. ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले, ‘प्रभाकर’ १८४१ साली, ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ साली, ‘दीनबंधु’ १८७७ साली, ‘केसरी’ १८८१ साली, ‘मूकनायक’ १९२० साली, ही सनावळी विद्यार्थी पाठ करतो. पण यांपैकी एकाही पत्राचा सबंध अंक त्याने अक्षरशः वाचलेला असेल याची खात्री देता येत नाही. रा. के. लेले यांच्यासारख्यांनी मराठी वृत्तपत्रांचा इतिहास परिश्रमपूर्वक लिहून ठेवला, तो पुढील संशोधनाचा पाया व्हावा म्हणून. तो परीक्षेपुरता संक्षेप करून वापरला जावा म्हणून नव्हे.

येथे केडगावचा संबंध येतो. पुणे-दौंड लोहमार्गावरील हे गाव पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनामुळे सर्वज्ञात आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुली व स्त्रिया यांना रमाबाईंनी येथे आसरा दिला. रमाबाईंचे चरित्र सामाजिक सुधारणेच्या आणि धर्मांतराच्या संदर्भात अनेकांनी अभ्यासले आहे. परंतु वृत्तपत्रविद्येच्या अभ्यासकाने केडगावकडे वेगळ्या दृष्टीने पाहावे, अशी दोन कारणे आहेत.

पहिले कारण मुद्रणाचे. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर केले आणि ते केडगावच्याच छापखान्यात छापले गेले. १९२२ साली त्यांचे निधन झाले. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामे तेथील स्त्रियांनी शिकून घेतली होती. अल्पशिक्षित स्त्रीलाही समजावी अशी मराठी घडवणे हा त्या भाषांतरामागील हेतू होता. धर्मविचार बाजूला ठेवून पाहिले तरी कोणासाठी लिहावयाचे हे आधी ठरवून त्याप्रमाणे शब्द निवडणे ही भूमिका वृत्तपत्रीय भाषेच्या गाभ्याशीच जाऊन भिडते. मराठी गद्याच्या इतिहासात या छापखान्याची दखल वाङ्मयाच्या अभ्यासकांनी पुरेशी घेतली नाही आणि वृत्तपत्रविद्येच्या अभ्यासकांनी तर जवळजवळ घेतलीच नाही.

दुसरे कारण १८९७ सालातील प्लेगचे. त्या वर्षी पुण्यात प्लेगप्रतिबंधाच्या नावाखाली जी सक्ती झाली तिच्याविषयी ‘केसरी’ने लिहिले, ‘सुधारका’नेही लिहिले. त्याच वर्षी रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात पत्र लिहून प्लेगच्या रुग्णालयात व छावणीत स्त्रियांची जी परवड होत होती तिला वाचा फोडली. तो प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला. शारदासदनावरून १८९३ च्या सुमारास ज्या ‘केसरी’शी त्यांचा तीव्र संघर्ष झाला, तो ‘केसरी’ आणि रमाबाई या प्रश्नावर सरकारला जाब विचारणाऱ्यांत होते, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये असलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्याहून आलेल्या माहितीच्या आधारे सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे ‘मँचेस्टर गार्डियन’ या पत्राला सांगितले. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. माहिती देणारे पुढे येईनात आणि गोखल्यांना जाहीर क्षमायाचना करावी लागली. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि सप्टेंबरमध्ये टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली.

पत्रकारितेच्या शिक्षणात ज्या प्रश्नांची चर्चा व्हावी असे म्हटले जाते, ते बहुतेक सर्व प्रश्न या एका वर्षाच्या घटनाक्रमात एकवटलेले आहेत. ऐकीव माहिती आणि प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट यांत अंतर किती? सांगणाऱ्याचे नाव उघड करता येत नसेल तर मजकूर छापावा की नाही? पीडित स्त्रीची अब्रू आणि लोकांचा जाणण्याचा हक्क यांचा मेळ कसा घालावा? आपल्या विरोधकाने सांगितलेले सत्य स्वीकारण्याइतके मन मोठे असते काय? हे प्रश्न परभाषेतील पाठ्यपुस्तकातून शिकवण्याऐवजी त्या वर्षीचे ‘केसरी’, ‘सुधारक’ आणि ‘बॉम्बे गार्डियन’चे अंक समोर ठेवून शिकवले गेले, तर विद्यार्थ्याला नीतिनियमांची यादी पाठ करावी लागणार नाही, त्या नियमांची गरज का पडली हे तो स्वतः पाहू शकेल. गोखल्यांच्या क्षमायाचनेवरून अत्याचार झालाच नाही असा निष्कर्ष निघत नाही. साक्षीदाराशिवाय केलेले विधान कितीही सद्हेतूने केले तरी टिकत नाही, एवढाच निघतो. हा सूक्ष्म भेद समजणे हेच पदव्युत्तर पातळीचे अध्ययन होय.

इतिहासाचा हा आग्रह वर्तमानाकडे पाठ फिरवण्यासाठी नाही. आजच्या केडगावची बातमी लिहिणे हीसुद्धा तितकीच अभ्यासाची बाब आहे. केडगावला कांद्याचा उपबाजार आहे, परिसरात ऊस आणि गुऱ्हाळे आहेत, खडकवासल्याहून येणाऱ्या कालव्याच्या आवर्तनावर शेती अवलंबून आहे. बाजाराच्या बातमीचेच उदाहरण घ्यावे. बाजार समिती किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव नोंदवते. मथळा बहुधा कमाल भावाचा होतो. तो थोड्याच पिशव्यांना मिळालेला असू शकतो. बहुसंख्य शेतकऱ्यांच्या हिशेबपट्टीवर असतो तो सर्वसाधारण भावाच्या आसपासचा आकडा. मथळ्यात एकही अक्षर खोटे नसते आणि तरी बातमी शेतकऱ्याच्या अनुभवाला पारखी होते. आकडा कोणाचा, तो किती मालाला लागू, आवक किती होती, हे विचारण्याची सवय लावणे म्हणजे सिद्धान्त शिकवणेच आहे. हीच गोष्ट ग्रामसभेच्या इतिवृत्ताची, फेरफाराच्या नोंदीची आणि २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखाली मागवलेल्या कागदांची.

ग्रामीण भागात राहून वृत्तपत्र चालवण्याची परंपरा मराठीत आहे, हेही विसरता कामा नये. मुकुंदराव पाटील यांनी १९१० साली ‘दीनमित्र’ सुरू केले आणि तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील तरवडीसारख्या खेड्यातून ते साप्ताहिक दीर्घकाळ चालवले. सत्यशोधक विचार शेतकऱ्याच्या बोलीत मांडणाऱ्या या पत्राचा अभ्यास वाङ्मय आणि पत्रकारिता या दोन्ही शाखांनी मिळून करावयास हवा. आज तालुक्याच्या वार्ताहराकडे बातमीबरोबर जाहिराती मिळवण्याचेही काम सोपवले जाते आणि ज्यांच्याविषयी लिहावयाचे त्यांच्याकडेच त्याला जाहिरात मागावी लागते. या अडचणीची चर्चा करताना ‘दीनमित्रा’सारख्या पत्राने आपला खर्च आणि आपली स्वतंत्रता यांचा मेळ कसा घातला असेल, हा संशोधनाचा विषय ठरतो.

यावर एक रास्त आक्षेप येऊ शकतो. केडगावहून रोज आगगाडीने पुण्यास जाऊन दोन वर्षे शिकणाऱ्या, घरच्या शेतीवर शुल्काचा भार टाकणाऱ्या विद्यार्थ्याला या साऱ्याचा उपयोग काय? त्याला नोकरी हवी आहे. वृत्तपत्रांची नोकरी आता बहुतांशी कंत्राटी झाली आहे आणि तेथे शंभर वर्षांपूर्वीचे अंक वाचले आहेत काय, असे कोणी विचारत नाही. हा आक्षेप टाळून चालणार नाही. पदवी नोकरीची हमी देते असे विद्यापीठांनी सूचितही करू नये. ती फसवणूक ठरेल. मात्र याच आक्षेपाचे उत्तर उलट्या दिशेने जाते. पृष्ठरचनेचे तंत्र दर काही वर्षांनी बदलते. खिळे गेले, संगणक आले, आता मजकूर जुळवण्याचे आणि लिहिण्याचेही काम यंत्र करू लागले आहे. ज्याने केवळ तंत्र शिकले त्याचे शिक्षण तंत्राबरोबर जुने होते. कागद वाचणे, माणसाला प्रश्न विचारणे, आकड्याचा अर्थ लावणे आणि नेमकी मराठी लिहिणे ही ज्याची कमाई आहे, त्याला माध्यम बदलले तरी उभे राहता येते. गरीब विद्यार्थ्याला लवकर जुने होणारे शिक्षण देणे हे त्याच्यावर उपकार केल्यासारखे दाखवले जाते, पण तो त्याच्यावरील अन्यायच आहे.

म्हणून तीन बदल सुचवावेसे वाटतात. पदव्युत्तर प्रबंधिकेसाठी वृत्तपत्रांतील स्तंभ मोजून कोष्टके मांडण्याची जी रूढी पडली आहे तिला पर्याय म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने एका गावाची अथवा बाजारपेठेची वर्षभराची वार्तांकनवही ठेवावी आणि तिच्या आधारे प्रबंधिका लिहावी. त्यासाठी शक्यतो त्याचेच गाव निवडावे. दुसरे, एखाद्या नियतकालिकाचे एक पूर्ण वर्ष मूळ अंकांतून वाचणे सक्तीचे करावे. तिसरे, मराठी विभागांनी वृत्तपत्रीय गद्य हा आपलाच अभ्यासविषय मानून हे अध्यापन अंशतः स्वीकारावे. लोकहितवादींची ‘शतपत्रे’ ‘प्रभाकर’मधून आली, आगरकरांचे निबंध वृत्तपत्रांच्या स्तंभांतून आले. ती ग्रंथरूपाने वाङ्मयाच्या वर्गात शिकवायची आणि ज्या पत्रांनी ती घडवली ती पत्रे शेजारच्या विभागाची म्हणून सोडून द्यायची, ही विभागणी प्रशासनाच्या सोयीची असेल, अभ्यासाच्या सोयीची नाही.

केडगावचा विद्यार्थी पुण्यात येऊन पत्रकारिता शिकतो आणि शिकून झाल्यावर केडगाव हे त्याला बातमी मिळण्याजोगे ठिकाण वाटेनासे होते. सध्याच्या शिक्षणाचे अपयश नेमके येथे आहे. जेथे स्त्रियांनी हातांनी खिळे जुळवले आणि जेथील एका स्त्रीचे पत्र पार्लमेंटपर्यंत पोहोचले, त्या गावाला बातमी नाही असे मानणाऱ्या पदवीने आपला अभ्यासक्रम पुन्हा एकदा तपासून पाहावा, हे उचित होईल.